सेल का संपतो? झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरचा हिशोब

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ १९८९ साली बाजारात आलं आणि आजही जवळपास त्याच रूपात विकलं जातं. काळं, प्लॅस्टिकचं, वजनाला काहीच नाही. त्यात सीआर२०१६ हा १.६ मिलिमीटर जाडीचा बटण सेल असतो आणि तो साधारण ७ वर्षं चालतो, असं कंपनी सांगते. या सेलची क्षमता सुमारे ९० मिलिअँपिअर-तास, आणि ७ वर्षांचे तास होतात ६१,३२०. भागाकार केला की उत्तर येतं जेमतेम दीड मायक्रोअँपिअर (१ मायक्रोअँपिअर म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग). वेळ मोजायची, आकडे दाखवत राहायचे, अलार्मची वेळ झाली का ते बघायचं, हे सगळं दिवसरात्र एवढ्याशा करंटमध्ये.

आता आर्डुइनो युनो हा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेल्या छोट्या संगणकाचा, तयार बोर्ड घ्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींपासून शेतासाठी स्वतः सेन्सर जोडणाऱ्या हौशी माणसापर्यंत बहुतेकांची सुरुवात याच बोर्डापासून होते. नुसता एलईडी लुकलुकवायचा प्रोग्राम टाकला तरी हा बोर्ड साधारण ४५ मिलिअँपिअर ओढतो. घड्याळाच्या तीस हजारपट! २००० मिलिअँपिअर-तासांच्या पेन्सिल सेलवर तो पुरते दोन दिवससुद्धा काढत नाही.

एवढी तफावत दिसली की पहिला विचार येतो चिप बदलण्याचा. पण युनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप मुळात उधळी नाहीच. पॉवर-डाउन या सर्वांत गाढ झोपेत, ३ व्होल्टवर, ती फक्त ०.१ मायक्रोअँपिअर घेते, असं तिचं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, सांगतं. म्हणजे घड्याळापेक्षाही कमी. मग बाकीचा करंट जातो कुठे? थोडा चिपला झोपूच न दिल्यामुळे, आणि बराचसा ती झोपल्यावरही तिच्या आजूबाजूला जे जागं राहतं त्यापायी. सेलवर चालणाऱ्या उपकरणाचं आयुष्य ते काम करताना किती खातं यापेक्षा काहीच करत नसताना किती खातं यावर ठरतं. हे एकदा मनापासून पटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

वर्षाचा हिशोब

वर्षात ८,७६० तास. म्हणून १ मायक्रोअँपिअर वर्षभर वाहिला तर सेलमधून ८.७६ मिलिअँपिअर-तास जातात. हा एक आकडा पाठ असला की बरंचसं डिझाइन तोंडी करता येतं. सीआर२०३२ या नेहमीच्या बटण सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात; तो वर्षभर पुरवायचा तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरच्या वर जाता येणार नाही. २००० मिलिअँपिअर-तासांचा पेन्सिल सेल असेल तर हीच मर्यादा सव्वादोनशेच्या आसपास जाते. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तर व्होल्टेज दुप्पट होतं, मिलिअँपिअर-तास मात्र तेवढेच राहतात. ही गोष्ट नवशिक्यांच्या हिशोबात हमखास निसटते.

कळीचा शब्द आहे ‘सरासरी’. निफाडच्या द्राक्षबागेत जमिनीतला ओलावा आणि तापमान मोजणारा एक छोटा नोड, म्हणजे सेलवर चालणारं सुटं उपकरण, समजा. दर १० मिनिटांनी तो उठतो, सेन्सर वाचतो, लोरा या कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओवरून वीसेक बाइटचा निरोप पाठवतो आणि पुन्हा झोपतो. हिशोब करंट गुणिले सेकंद असा, मिलिकूलोममध्ये मांडू. झोपेत ५ मायक्रोअँपिअर आणि ६०० सेकंद, म्हणजे ३ मिलिकूलोम. मोजणीला ३ मिलिअँपिअर ५० मिलिसेकंद लागले, म्हणजे ०.१५. रेडिओला ३० मिलिअँपिअर ६० मिलिसेकंद, म्हणजे १.८. बेरीज ४.९५ मिलिकूलोम, ६०० सेकंदांनी भागलं की सरासरी सव्वाआठ मायक्रोअँपिअर. वर्षाला साधारण ७२ मिलिअँपिअर-तास. कागदावर तरी दोन पेन्सिल सेलवर हा नोड २७ वर्षं चालेल. प्रत्यक्षात तेवढा का चालणार नाही, ते पुढे येईलच.

रेडिओचे ३० मिलिअँपिअर बघून धडकी भरते, पण बेरजेत त्याचा वाटा झोपेपेक्षा कमी आहे. मोठा करंट क्षणभर वाहिला तर सेलला काही वाटत नाही. लहानसा करंट अखंड वाहत राहिला की सेल संपतो.

आता याच नोडमध्ये एकच गोष्ट बदलू. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या असंख्य तयार बोर्डांवर एएमएस१११७ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, असतो. तो स्वतः चालण्यासाठीच साधारण ५ मिलिअँपिअर घेतो, पुढे काही जोडलेलं असो वा नसो. १० मिनिटांत याचे होतात ३,००० मिलिकूलोम. आपला सगळा नोड मिळून ५ सुद्धा घेत नव्हता. २७ वर्षांचा हिशोब एकदम १६-१७ दिवसांवर येतो. मायक्रोकंट्रोलरचा कोड कितीही नीट लिहा, या आकड्यात तसूभर फरक पडत नाही. कोडमध्ये झोप घातली तरी सेल पंधरा दिवसांतच का जातो, ही तक्रार फार ऐकू येते, आणि तिचं उत्तर बहुतेकदा या तीन पायांच्या काळ्या तुकड्यात सापडतं.

झोपेत कोण जागं आहे?

रेग्युलेटरपासूनच सुरुवात करू. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर स्वतःसाठी सुमारे १.६ मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे एएमएस१११७ च्या तीन हजारांवा हिस्सा. किंमत थोडी जास्त, पण वाचणारे सेल बघता किरकोळ. त्याहून चांगला उपाय म्हणजे रेग्युलेटरच न लावणं. एटीमेगा३२८पी १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत चालते. दोन नवे अल्कलाइन सेल मिळून ३.२ व्होल्टच्या आसपास देतात आणि पुरते रिकामे होईपर्यंत १.८ च्या जवळ येतात. चिपचा वेग ४ मेगाहर्ट्झच्या आत ठेवला तर ती या पूर्ण पट्ट्यात थेट सेलवर चालते. लोराची एसएक्स१२७६ चिपही १.८ व्होल्टपर्यंत साथ देते. मला विचाराल तर सेलवरच्या डिझाइनमध्ये पहिला प्रश्न हाच असावा: रेग्युलेटर हवाच आहे का?

मग पॉवरचा एलईडी. बोर्ड चालू आहे हे सांगणारा हा दिवा एक ते तीन मिलिअँपिअर खातो आणि तो बंद करायची सोय कोडमध्ये नसते. शेतातल्या बंद डब्यात तो बघायला कुणी नाही. ब्लेडने त्याचा ट्रॅक कापा किंवा एलईडी उपसून काढा. यूएसबीचं काम करणारी चिप, सेन्सर मॉड्यूलवरचा वेगळा रेग्युलेटर, त्या मॉड्यूलवरचा आणखी एक एलईडी, सगळ्यांची गत तीच. तयार मॉड्यूल टेबलावर प्रयोग करायला बनवलेली असतात. ती सेलवर न्यायची तर आधी सोलून काढावी लागतात.

डिस्प्लेचा धडा तर पन्नास वर्षं जुना आहे. हॅमिल्टन कंपनीचं पल्सार हे पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ १९७२ साली आलं. त्यात लाल एलईडी होते आणि वेळ बघायला बटण दाबावं लागे, कारण आकडे सतत पेटते ठेवले असते तर सेल टिकलाच नसता. पुढे एलसीडी आला. तो स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश फक्त अडवतो किंवा परतवतो, म्हणून सतत चालू ठेवणं परवडतं. ई-इंक त्याच्याही पुढे: चित्र बदलतानाच वीज लागते, ते टिकवायला लागत नाही.

आता चिपच्या आत जाऊ. एटीमेगामध्ये अॅनालॉग व्होल्टेज मोजणारा एडीसी झोपेआधी स्वतःहून बंद होत नाही. तो चालू ठेवून पॉवर-डाउनमध्ये गेलात तर दोनशेच्या वर मायक्रोअँपिअर जात राहतात. म्हणजे ०.१ ची झोप कागदावरच. एक ओळ लिहून तो बंद करायचा, उठल्यावर परत चालू करायचा. तसंच ब्राउनआउट डिटेक्टरचं, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्यावर चिपला रीसेट करणाऱ्या राखणदाराचं. तो वीसेक मायक्रोअँपिअर घेतो. काही जण तो कायमचाच बंद करतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. सेल मरायला टेकला की चिप अर्धवट शुद्धीत भलतंसलतं लिहिते, कधी ईईप्रॉममधली, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली, माहिती बिघडते. एटीमेगा३२८पीमध्ये फक्त झोपेपुरता तो बंद ठेवायची सोय दिलेली आहे, ती वापरावी.

पिनांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. कुठेही न जोडलेली इनपुट पिन हवेत तरंगत राहते आणि तिचं व्होल्टेज शून्य आणि पूर्ण यांच्या मध्ये कुठेतरी भटकतं. इनपुटच्या आत एकावर एक असे दोन ट्रान्झिस्टर असतात. एरवी एक चालू असतो तेव्हा दुसरा बंद. मधल्या व्होल्टेजला दोघंही अर्धवट चालू राहतात आणि सेलपासून ग्राउंडपर्यंत थेट वाट तयार होते. कोड बरोबर, जोडणी बरोबर, तरी करंट कधी ८ तर कधी ९० मायक्रोअँपिअर दिसतो, हात जवळ नेला की बदलतो, असं झालं तर तरंगणारी पिन शोधा. न वापरलेली प्रत्येक पिन आउटपुट करून खाली ओढा किंवा तिचा आतला पुलअप, म्हणजे पिनला पुरवठ्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालू करा.

पुलअपचा खरा घोळ दाराच्या सेन्सरमध्ये दिसतो. दाराला चुंबक, चौकटीला चुंबकाने मिटणारा रीड स्विच, एक सीआर२०३२. दार बंद असताना चुंबक जवळ, म्हणून स्विच मिटलेला. पिनचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा असतो. ३ व्होल्टवर मिटलेल्या स्विचमधून ६० ते १५० मायक्रोअँपिअर वाहतात. घराचं दार दिवसातला बहुतेक वेळ बंदच असतं! तीन-साडेतीन महिन्यांत सेल खलास, आणि चिप बिचारी पूर्णवेळ गाढ झोपलेली. आतला पुलअप बंद करून बाहेर २.२ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की तोच करंट १.४ मायक्रोअँपिअरवर येतो. किंवा दार बंद असताना उघडा राहणारा स्विच निवडायचा, म्हणजे विश्रांतीच्या स्थितीत करंटला वाटच नाही. विश्रांतीची स्थिती कोणती, हा प्रश्न प्रत्येक स्विच, प्रत्येक बटण, प्रत्येक सेन्सरच्या वायरीबद्दल विचारावा.

सेलचं व्होल्टेज मोजायला लावलेले दोन रेझिस्टरही असेच. १०-१० किलोओहमचे लावले तर ३ व्होल्टवर १५० मायक्रोअँपिअर कायम. मेगाओहमचे लावा आणि एडीसीच्या पिनला एक छोटा कॅपॅसिटर जोडा, नाहीतर वाचन चुकतं.

आणि सेन्सर. ओलावा मोजणारे स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर चालू असताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. त्यांचा पुरवठा मॉस्फेटने, म्हणजे स्विचसारख्या वापरलेल्या ट्रान्झिस्टरने, किंवा सेन्सर लहान असेल तर थेट एका पिननेच द्यायचा आणि मोजणी झाली की तोडायचा. इथे एक छुपी वाट आहे. पुरवठा तोडला, पण सेन्सरकडे जाणारी डेटाची पिन वरच राहिली, तर करंट सेन्सरच्या आतल्या संरक्षक डायोडमधून त्याच्या पुरवठ्यात शिरतो आणि सेन्सर मागच्या दाराने अर्धामुर्धा चालू राहतो. म्हणून पुरवठ्याबरोबर डेटाच्या पिनाही खाली आणायच्या.

जागेपणी

जागं असताना चिप किती खाते याचा मूळ नियम साधा आहे. ट्रान्झिस्टरची प्रत्येक उघडझाप म्हणजे एक इवलासा कॅपॅसिटर भरणं आणि रिकामा करणं. त्यात लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि दर सेकंदाला किती उघडझापा होतात ते क्लॉकचा, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या ठोक्यांचा, वेग ठरवतो. डेटाशीटमध्ये हे पडताळता येतं. एटीमेगा३२८पी ५ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झला ५.२ मिलिअँपिअर घेते, म्हणजे २६ मिलिवॉट. ३ व्होल्ट आणि ४ मेगाहर्ट्झला १.७ मिलिअँपिअर, म्हणजे ५.१ मिलिवॉट. क्लॉकच्या एका ठोक्याला पहिल्या बाबतीत ३.२५ नॅनोज्यूल, दुसऱ्यात १.२८. अडीचपट फरक. व्होल्टेजच्या वर्गांचं गुणोत्तर २५ भागिले ९, म्हणजे पावणेतीनच्या थोडं वर; आकडे बऱ्यापैकी जुळतात.

वेग निम्मा केला तर शक्ती निम्मी होते, पण काम संपायला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे हाताशी काही येत नाही. उलट तेवढा जास्त वेळ सेन्सर आणि बाकीचे भाग जागे राहतात. म्हणून व्होल्टेज शक्य तितकं कमी, आणि त्या व्होल्टेजला झेपेल तेवढ्या वेगाने काम उरकून लगेच झोप, ही पद्धत बहुतेकदा किफायतशीर ठरते.

कोड लिहिणाऱ्याच्या हातात इथे बरंच आहे. आर्डुइनोचं डिले हे फंक्शन म्हणजे विश्रांती नव्हे. चिप तेवढा वेळ पूर्ण वेगाने नुसती मोजत बसते. बटण दाबलं का, हे सतत विचारत राहण्यापेक्षा बटणानेच इंटरप्ट, म्हणजे चिपला जागं करणारा इशारा, देऊन उठवावं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ५० अक्षरं संगणकाकडे पाठवायला, म्हणजे छापायला, ५२ मिलिसेकंद लागतात. चाचणीसाठी घातलेल्या छपाईच्या ओळी तशाच राहिल्या तर आपल्या नोडचा जागेपणीचा वेळ जवळजवळ दीडपट होतो.

उठण्यालाही किंमत असते. ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेली आर्डुइनोची नेहमीची मांडणी झोपेतून उठताना क्रिस्टल स्थिर व्हायची वाट बघते: १६,३८४ ठोके, म्हणजे एक मिलिसेकंद. आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर काही ठोक्यांतच तयार असतो. आणि एटीमेगाचा वॉचडॉग हा आतला टायमर एका वेळी जास्तीत जास्त ८ सेकंद झोपू देतो, म्हणजे १० मिनिटांत ७५ वेळा उठवतो. शिवाय हा वॉचडॉग चालू असला की झोपेतला करंट ०.१ वरून ४.२ मायक्रोअँपिअरवर जातो. आपल्या नोडच्या हिशोबात झोपेला ५ धरले होते, त्यातले बहुतेक हेच. पीसीएफ८५६३ सारखी वेगळी घड्याळाची चिप पाव मायक्रोअँपिअरमध्ये वेळ सांभाळते आणि १० मिनिटांनी एकदाच उठवते. तिच्यासाठी लागणारा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल मनगटी घड्याळात असतो तोच. ३२,७६८ ला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. आणि वेग इतका कमी की उघडझापांचा खर्च नगण्य.

रेडिओ

भारतात लोरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. लोरामध्ये स्प्रेडिंग फॅक्टर नावाचं एक माप असतं, ७ ते १२. वाढवलं की निरोप लांब जातो, पण प्रत्येक पायरीला हवेत राहण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ७ ला साठेक मिलिसेकंदात जाणारा आपला निरोप १२ ला सुमारे १.४ सेकंद घेतो. ३० मिलिअँपिअरने ते झाले ४२ मिलिकूलोम. नोडची सरासरी सव्वाआठवरून ७५ मायक्रोअँपिअरवर जाते आणि २७ वर्षांची ३ वर्षं होतात. सगळे नोड सरसकट १२ वर ठेवण्यापेक्षा गेटवेचा, म्हणजे सगळ्या नोडांचे निरोप घेणाऱ्या यंत्राचा, अँटेना पाण्याच्या टाकीवर दोन मीटर उंच चढवणं शहाणपणाचं. तिथे वीज मेनची आहे, सेलची नाही.

वायफायचं गणितच वेगळं. ईएसपी३२ ही वायफाय असलेली चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर घेते, हे उत्तमच. पण उठून राउटर शोधणं, पासवर्डची देवाणघेवाण, आयपी पत्ता मागणं यात सहज ३ सेकंद जातात, आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरले तर ३६० मिलिकूलोम. तोच निरोप लोरावरून पाठवायला १.८ लागले होते. आयपी पत्ता कायमचा ठरवून दिला, राउटरचं चॅनेल लक्षात ठेवलं, तर हा वेळ बराच आटोक्यात येतो. त्याहून मोठी बचत मात्र कमी वेळा बोलण्यात आहे. सहा वाचनं साठवून तासातून एकदा पाठवा. जमिनीचं तापमान १० मिनिटांत काही बदलत नाही. बदललं तरच कळवा.

सेलचा स्वभाव

सीआर२०३२ मध्ये साठा भरपूर आहे, पण तो अरुंद तोंडाच्या बाटलीसारखा आहे: भरलेली असली तरी धार बारीकच येते. याचं कारण आतला रोध. नव्या सेलला तो दहा-वीस ओहम असतो आणि सेल वापरला जाईल तसा कितीतरी वाढतो. जुन्या सेलमधून रेडिओने एकदम १५ मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते, उठून पुन्हा रेडिओ चालू करते, पुन्हा कोसळते. सेलमध्ये अजून बराच जीव असताना उपकरण मेलेलं दिसतं. उपाय आहे सेलच्या शेजारी कॅपॅसिटर. १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १५ मिलिअँपिअर ३ मिलिसेकंद एकट्याने पुरवतो आणि व्होल्टेज ०.४५ ने उतरतं. मग सेल त्याला सावकाश पुन्हा भरतो. फक्त कॅपॅसिटर गळका नको. साध्या इलेक्ट्रोलिटिकमधून जाणारा लीकेज करंट कधीकधी आख्ख्या नोडच्या झोपेपेक्षा जास्त भरतो.

थंडीत आतला रोध आणखी वाढतो. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांमध्ये असतो. दुपारी व्यवस्थित चालणारा नोड पहाटे पाचला गप्प होतो आणि दहा वाजता पुन्हा बोलू लागतो, असं दिसलं तर कोड तपासत बसण्याआधी रेडिओ चालू असतानाचं सेलचं व्होल्टेज मोजा. द्राक्षबागायतदाराला तर नेमकं त्या पहाटेचंच तापमान हवं असतं.

मोजायचं कसं

इथपर्यंतचा सगळा हिशोब मोजून पडताळता आला पाहिजे, आणि इथेच साधा मल्टिमीटर दगा देतो. करंट मोजताना तो मध्ये स्वतःचा रेझिस्टर घालतो. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरमध्ये २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजला तो १०० ओहम असतो. झोपेत ठीक, ५ मायक्रोअँपिअरला अर्धा मिलिव्होल्ट पडतो. पण रेडिओने ३० मिलिअँपिअर मागितले की १०० ओहमवर ३ व्होल्ट, म्हणजे सगळा सेलच मीटरमध्ये अडकतो. चिप रीसेट होत राहते आणि आपल्याला वाटतं कोड बिघडला.

यावर जुनी, साधी युक्ती आहे: मीटरला समांतर एक सिलिकॉन डायोड. झोपेत मीटरवर अर्धा मिलिव्होल्ट असतो, डायोड बंद, मीटर बरोबर वाचतं. चिप उठली की मीटरवरचं व्होल्टेज ०.६-०.७ पर्यंत चढतं आणि बाकीचा करंट डायोडमधून निघून जातो.

मीटरशिवायही मोजता येतं. लीकेज कमी असलेला १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३ व्होल्टला भरा, नोड झोपला की सेल काढून घ्या आणि वाट बघा. १०० सेकंदांत व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने उतरलं तर करंट ५ मायक्रोअँपिअर. मल्टिमीटर या वेळात सतत जोडून ठेवू नका. त्याचा १० मेगाओहमचा इनपुटही ०.३ मायक्रोअँपिअर पितो. पूर्ण आलेखच हवा असेल तर नॉर्डिक कंपनीचा पॉवर प्रोफायलर किट काहीशे नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत एका दमात दाखवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा एक असायलाच हवा. करंटचा आलेख डोळ्यांनी बघितला की कोडमधली कुठली ओळ किती महाग आहे ते लगेच कळतं.

थांबायचं कुठे

झोपेचे ५ मायक्रोअँपिअर १ वर आणले तर आयुष्य कित्येक पट वाढेल का? नाही, कारण सेल स्वतःही संपत असतो. अल्कलाइन सेल नुसता पडून असला तरी वर्षाला २-३ टक्के गमावतो. २००० मिलिअँपिअर-तासांचे ४० ते ६०, म्हणजे सतत ५ ते ७ मायक्रोअँपिअर वाहिल्यासारखंच. आपला सव्वाआठचा नोड त्या पातळीला येऊन पोचलाच आहे. शिवाय अल्कलाइन सेलचं टिकण्याचं वय साधारण १० वर्षं धरलं जातं आणि बऱ्याच आधी तो रसायन गाळून स्प्रिंगा खाऊ शकतो. म्हणून कागदावरची २७ वर्षं विसरून ४-५ वर्षं धरावीत. सीआर२०३२ वर मात्र प्रत्येक मायक्रोअँपिअर अजूनही मोलाचा आहे, कारण तो सेल वर्षाला एखादाच टक्का गमावतो.

अल्कलाइनवर एवढं साधलं की उरलेली मेहनत डब्यावर करावी. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हातला बंद डबा आतून हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. चिपमधला लीकेज करंट ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होतो, सेलचं आपोआप संपणंही वेगाने वाढतं. डबा पांढरा असावा, सावलीत असावा. कोकणातल्या जुलैत वेगळीच अडचण येते. बोर्डवर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स दमट हवेत ओलावा धरतो आणि दोन ट्रॅकमध्ये मेगाओहमची एक वाट तयार होते. १ मेगाओहम म्हणजे ३ व्होल्टवर ३ मायक्रोअँपिअर, २.२ मेगाओहमचा पुलअप लावलेली दाराची पिन तर अशाने चुकीचंच वाचायला लागेल. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, त्यावर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या पातळ लेपाचा, हात फिरवा. वायर आत येते तिथे तिच्याभोवती घट्ट बसणारं केबल ग्लँड लावा आणि ते भोक डब्याच्या तळाला ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत जाणार नाही. मग पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच डायोड लावलेल्या मीटरने झोपेतला करंट मोजा आणि डब्याच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा.